मागच्या रांगेतला हात

प्रिय बाळ्या,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं, आहे मी रागात. फोन उचलत नाहीस, तर आता हे वाच. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण लावून वाच.

आधी चांगलं सांगते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. तुझी चिंगी लिलाव पुकारते, बाळ्या. परवानेवाली. आपल्या घराण्यात कोणी वर्गात उभं राहून धड कविता म्हटली नाही, आणि ही भरल्या हॉलमध्ये हातोडी घेऊन उभी राहते. परीक्षेच्या आधी माझं अख्खं स्वयंपाकघर विकून झालं तिचं. चाळणी, किसणी, खालच्या शिवणवाल्या बाईंची विसरलेली छत्री. गिऱ्हाईक मी एकटीच, त्यामुळे स्वतःवरच चढाओढ करायची. माझीच चाळणी मी किती वेळा विकत घेतली, देवाला ठाऊक. तिचे मास्तर म्हणतात, बोलणं कोणालाही जमतं, हॉल गप्प झाला की आपल्यालाही गप्प उभं राहता आलं पाहिजे. तेही तिने घोटलं. मी भाजी चिरायची आणि ही हातोडी धरून माझ्याकडे नुसती बघत उभी. मलाच कसंतरी व्हायचं. पण काय सांगू, उभी छान राहते पोर.

आता राग. पहिल्या लिलावाला तिने तुला हौसेने बोलावलं, आणि तेव्हाच बजावलं होतं, बाबा, घरच्या माणसाने बोली लावायची नाही, माझा परवाना जाईल. मला तर म्हणाली, आजी, नाकसुद्धा खाजवू नकोस, हात वर दिसला की बोली धरतात. मी सगळा वेळ हातांवर बसून होते, बोटांना मुंग्या आल्या. आणि तू?

ते दार न लागणारं कपाट आलं. कोणी बोलेना. चिंगी शांत उभी होती, शिकवल्यासारखी. तिला काही झालं नव्हतं रे, झालं ते तुला. सायकल शिकवतानाही तिची मागची सीट धरून इतका पळालास, की पोरगी शिकायच्या आधी तुझा गुडघा गेला. तसाच मागच्या रांगेतून हात वर केलास. त्यावर आणखी कोणी चढलं, तर पुन्हा केलास.

त्या हॉलमध्ये तुला ओळखणाऱ्या आम्ही दोघीच. तिने गिळून टाकलं असतं तर कोणाला कळलं असतं? नाही गिळलं. हातोडी खाली ठेवून म्हणाली, मागे हात वर केलाय ते माझे बाबा आहेत. त्यांची बोली धरता येणार नाही, कपाट पुन्हा पहिल्यापासून पुकारते. आवाज हलला नाही. कपाट एका कुलूपवाल्याला पडत्या भावात गेलं. मग ती मागच्या मोरीत नळ सोडून रडली. तोवर तू बस पकडली होतीस, न जेवता. वर सूनबाईला जाऊन सांगितलंस, भर सभेत पोरीने मला चोर ठरवलं.

चोर कोण म्हणालं तुला? माझे बाबा म्हणाली ती, एवढ्या लोकांत, मान वर करून. तू नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं ऐकलंस. कपाळ माझं.

आता लिहायला का बसले ते. पहिलं वर्ष परवाना कच्चा असतो, आणि तिथल्या जुन्या लिलाववाल्याने तक्रार घातलीय. म्हणतो, भाव चढवायला बापाला तिनेच बसवला होता, अंगाशी येतंय दिसल्यावर साळसूदपणा केला. गुरुवारी सकाळी परवाना कचेरीत चौकशी आहे. तिने बजावूनही तू आपल्या मनाने हात वर केलास, हे सांगायला तुझ्याशिवाय कोणाचं तोंड तिच्या कामाचं नाही. पण ती तुला बोलावणार नाही. बाबांना पुन्हा लोकांसमोर उभं करायचं नाही मला, म्हणते, आणि तू त्यांना सांगायचं नाहीस. मी सांगत नाहीये, लिहितेय. साहेब विचारतील, त्या कपाटावर बोली लावणारा कोण. तेव्हा हात वर कर, बाळ्या. खुशाल कर. मी शेजारीच असेन, हातांवर बसून.

तुझीच, पण सध्या तिची जास्त,
आई