तू टाकलेलं लिनक्स

अंबड, नाशिक
गुरुवार, १२ फेब्रुवारी

गोरक्षदादा,

तुला नि वहिनीला नमस्कार. ईशू चालायला लागली. मला रात्रभर झोप नाय. आज कामावरनं आले की हे ईशूला त्यांच्या बहिणीकडं मालेगावला नेऊन ठेवणार हायेत.

दिवाळीत तू आमचा जुना कंप्युटर बघून म्हणाला होता, "याच्यावर विंडोज म्हणजे म्हाताऱ्या बैलावर कांद्याच्या गोण्या. लिनक्स हलकं हाय." विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकलं, पासवर्ड मला एकटीला दिला. चालू केलं की विचारतं, कोणतं पाहिजे. ब्लाउज शिवायचे व्हिडिओ मी दोन्हीवर बघायची. लिनक्स पटकन उघडायचं, एवढाच फरक वाटायचा.

मग एकदा विंडोजवर चांदवडच्या एसटीची वेळ बघितली. संध्याकाळी हे हसले, "काय राणीसाहेब, माहेरची एसटी भेटली का?" दुसऱ्या दिवशी मुद्दाम विंडोजवर करंज्या बघितल्या. जेवायला बसल्यावर म्हणाले, "करंज्या कुठायत?"

नंतर लिनक्सवर बायकांच्या मदतीचा नंबर शोधला. लावायची हिंमत झाली नाय. पण हे कायच बोलले नाय. तेव्हा कळलं, विंडोजमधी यांनी कायतरी बसवलंय, माझं सगळं यांना दिसतं. तुझ्या लिनक्समधलं दिसत नाय.

मग मी विंडोज उघडायचंच सोडलं. तिथंच चुकले. मंगळवारी म्हणाले, "आजकाल कायच बघत नाय व्हय? त्या फुकटच्या लिनक्सचा पासवर्ड सांग."

नाय सांगितला. म्हणाले, "गुरुवारपर्यंत सांग, नायतर ईशू मालेगावला." माझा फोन काढून घेतला, बाहेरनं कुलूप लावत्यात. सासूबाई खिडकीपाशी बसून असत्यात. कोणी विचारलं तर मोरीत पडले असं सांगायचं ठरलंय. दादा, मी पडले नाय. उजवा हात उचलत नाय, डाव्यानं लिहितीय, अक्षर लागलं तर वाच.

पासवर्ड सांगितला तर मी मदतीचा नंबर शोधलेला बघतील आणि मला सोडणार नायत. नाय सांगितला तर ईशू जाईल. सांगू का नको, मला कळंना.

तुझी रोहिणी

विमलाबाई, हा कागद मी तुमच्यासाठी शिवलेल्या ब्लाउजात घातलाय. दुपारी खिडकीतनं ब्लाउज न्याल तेव्हा सासूबाईंसमोर उघडू नका, मला विचारायला परत येऊ नका. कागद कोणाच्याबी हातात पडला तरी चालंल, मागं दादाचा नंबर लिहिलाय. हे घरी यायच्या आत माझ्या भावाला फोन लावा.