गोलकीपरला दिलेली तारीख

बाबा, तुमचा फुटबॉल क्लब सोमवारी बंद झाला. तुमचाच म्हणते, कारण साकीनाक्याच्या वर्कशॉपमधली पाळी संपवून तुम्ही वाकोल्याच्या मैदानावर तो उभा केलात, आणि जायच्या आदल्या वर्षी एका बिल्डरच्या हाती दिलात. "पोरं मोठ्या लीगमध्ये खेळतील गं," म्हणालात. खेळली. पण त्याने अंधेरीत काचेचं ऑफिस घेतलं, परदेशातून थकलेला स्ट्रायकर आणला, सगळं येणाऱ्या स्पॉन्सरच्या भरवशावर. तो स्पॉन्सर आलाच नाही.

तरी जास्त राग तुमचाच येतो. अजून डोळ्यांसमोर येतं, मी आठवीत आहे, तुम्ही ओट्याशी उभे राहून टीमसाठी अंडी उकडताय, आणि मी विचारते, नवीन जर्सी का नाही घेत? तुम्ही खेकसता, "आधी पोरांचं खाणं आणि गाडीभाडं. उरलं तर कपडे." एवढं कळत होतं, मग सही करताना ही एक अट का नाही घातलीत, की आधी खेळाडूंचे पगार?

तुम्ही गेल्यावर मी तिथेच अकाउंट्स सांभाळायला लागले, तुमची मुलगी म्हणून मोठ्या मानाने. यंदा तीन महिने खेळाडूंचे पगार थांबले. मी मालकाला म्हटलं, त्या स्ट्रायकरला सोडा, त्याच्या एकट्याच्या पैशात सगळ्यांचं भागेल. तो हसला. "मॅडम, नाव विकलं जातं. तुम्ही फक्त तारीख देत राहा ना."

मी देत राहिले. आपला गोलकीपर, लहानपणापासून तुमच्या हाताखाली खेळलेला, त्याला गोव्याच्या एका क्लबने बोलावलं होतं. क्लब बदलायची मुदत संपायला दोन दिवस होते, घरी बायको नुकतीच बाळंत झालेली. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "जाऊ की थांबू? तुम्ही सरांची मुलगी, सांगाल ते करतो." खेळाडूंना द्यायला खात्यात काही नाही हे मला समोर दिसत होतं. मी म्हटलं, "थांब रे, पंधरा तारखेला नक्की." तो थांबला.

सोमवारी सगळ्यांना दोन ओळींचा मेसेज आला, टीम स्पर्धेतून माघार घेतेय. संध्याकाळी त्याचा फोन. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हटलं, "नाही रे."

तुम्ही असता तरी हे पत्र तुमच्या हातात दिलं नसतं. बिल्डरला बोलून झालं, तुम्हालाही बोलून झालं. राहिलं ते एवढंच, की ऑफिसवाल्यांचे पगार कधी थांबले नव्हते. माझा दर एक तारखेला येत होता.