डोळे मिटायचे नाहीत

बारामती, गुरुवार. जानेवारी १९९६

आज सुनंदाची पट्टी काढली. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. दिसेल अशी आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले.

पळसदेवहून एसटीने इंदापूरला आमच्या शाळेत येणारी पोर. हँडबॉलच्या गोलात पहिल्यांदा उभी केली, तेव्हा चेंडू येताच डोळे मिटायची. सगळ्याच मिटतात. म्हणून आधी मऊ रबरी चेंडू जवळून, हळू टाकला. मग लांबून. मग उडी घेऊन मारलेला. दिवाळीपर्यंत तिचे डोळे उघडे राहायला लागले, केवढी खूश झाले होते मी.

मागच्या सोमवारी मी रजेवर होते. स्पर्धा जवळ आली म्हणून हेडसरांनी थोरल्या मुलांना तिच्यावर पूर्ण जोराने चेंडू मारायला लावले. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर?

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचे वडील, आबा, माझ्याशेजारी येऊन बसले.

"बाई, पोरगी इचारती, एका डोळ्यानं गोलात हुबं ऱ्हाता येतं का?"

"येतं," मी म्हणाले. खरंच येतं का? मला माहीत नाही.

आबा लगेच उठले आणि तिला सांगायला आत गेले.