मिक्सरच्या बुडाचं बटण

अण्णा, इंदिरानगरातल्या आपल्या दुकानावरून गेले की मला अजून आधी राग येतो आणि मग हसू. ज्याच्याकडे मिक्सरची एजन्सी असते तो मिक्सर विकतो, असा माझा बापडीचा समज होता. तुम्ही मात्र काउंटरवर आलेला बंद मिक्सर आधी उलटा करायचात. फार कोंबलं की मोटर थांबते आणि बुडाचं लाल बटण बाहेर येतं, एवढंच असायचं निम्म्या वेळा. तुम्ही ते दाबायचात आणि नवा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जुनाच घेऊन परत जायचं.

त्या वर्षीची दिवाळी आठवते? कंपनीच्या साहेबाने बजावलं होतं, ठरलेला आकडा गाठा, नाहीतर एजन्सी समोरच्या दुकानाला. शेवटच्या दिवशी आपल्याला एकच मिक्सर कमी होता. एकच! आणि देवाने धाडल्यासारखी सिन्नरची एक बाई एसटीतून मिक्सर मांडीवर घेऊन येते. म्हणते, "नवाच द्या भाऊ. ह्यो मेला. उद्या पाव्हणे यायचेत, लय घाई हाय." मी फळीवरून नवं खोकं अर्धं खाली ओढलेलं. तुम्ही म्हणता, "मेला नाही ताई, रुसलाय." उलटा, बटण, घुर्रर्र! बाई खूश होईल तर कुठली. तिला राग आला. "आन् येवढ्यासाठी मी सिन्नरहून आले व्हय? घरचे काय म्हणतील मला?" तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "मिक्सरचं मोठं काम निघालं म्हणून घरी सांगा. मी कशाला सांगतोय कुणाला!" तेव्हा कुठे ती हसली, आणि मी खोकं परत वर ढकललं.

संध्याकाळी आईने अगदी साळसूदपणे विचारलं, "एकच कमी आहे ना? मग मलाच द्या. आपलाही आज बंद पडलाय." आई लग्नातला मिक्सर वापरत होती हो, अण्णा, मिक्सरवाल्याची बायको असून! मी मनात म्हटलं, सुटलो. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, उलटा केलात, बटण दाबलंत. घुर्रर्र. "चालतोय की! गरज नसताना कशाला?" म्हणत हात धुऊन जेवायला बसलात. एजन्सी गेली समोर. नंतर तिथले मिक्सर बंद पडले की लोक तुमच्याचकडे यायचे, आणि तुम्ही त्यांनाही चहा पाजायचात. धन्य तुमची!

आता खरं सांगते. त्या संध्याकाळी मिक्सर आपोआप बंद पडला नव्हता. सुकं खोबरं मी कोंबत होते आणि आई झाकण दाबून धरत होती, दोघी तोंडात पदर-ओढणी धरून हसत. तुम्ही सिन्नरच्या बाईचं तोंड पाहिलंत, आईचं नाही पाहिलंत. मला फार वाईट वाटलं होतं.

तुम्ही गेल्यावर मी आईला नवा आणला, समोरच्याच दुकानातून. तो एकदाही बंद पडलेला नाही. खोबरं ती आता चिमूट चिमूट घालते. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण फोटो ती रोज पुसते. आणि नव्या मिक्सरची पहिली चटणी तिने तुमच्यासमोर ठेवली होती, पण ती वाटताना, नवा मिक्सर तुम्हाला दिसू नये म्हणून, फोटो तिने भिंतीकडे उलटा केला होता, हे तुम्हाला मी कसं सांगू?