बेसमेंटमधला अळूचा खोका

प्रिय काकू,

हात खाजताहेत. सकाळी अळूचे कंद उकरले, हातमोजे घालायचे विसरले आणि आता मनगटापर्यंत खाज सुटली आहे. तुम्ही सांगायचात तसे चिंचेच्या पाण्याने दोनदा हात धुतले, तरी पेन नीट धरवत नाही. पण आज लिहिलं नाही तर पुन्हा कधीच लिहिणार नाही. एवढं मी स्वतःला ओळखते.

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. मीनलचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. फोन पालथा ठेवला आणि मीटिंग संपवली. घरी आल्यावर रडले, खूप रडले. पण खरं सांगू? त्या रडण्यात थोडी सुटकासुद्धा होती. आता काकूंना सांगायचं राहिलं नाही, असं मनात आलं होतं. तुमची मुलगी आईसाठी रडत होती आणि मी हा हिशोब करत होते!

आज निखिलने तो हिशोब मोडला. इथे बॉथेलमध्ये उद्या पहाटे फ्रॉस्ट पडणार आहे, म्हणून कंद काढून गराजमध्ये वर्तमानपत्रावर पसरले होते. तो गाडीतून उतरला, वाकून बघितलं आणि खूश झाला. म्हणाला, "अरे वा, अळकुड्या! स्टेट कॉलेज गावी असताना काकूंनी दिल्या होत्या तेव्हा केल्या होत्यास, तशा करशील?"

काकू, तुम्ही कुठे दिल्या होत्या?

आठवतं का, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती गणपतीच्या जेवणाला. पीएचडीचं पहिलं वर्ष, एका अपार्टमेंटमध्ये तिघी, आणि महिनाभर पास्ता खाऊन तोंडाची चव गेलेली. तुम्ही अळूवडी वाढलीत आणि मी म्हणाले, "धोप्याच्या वड्या! इथे?" तुम्ही हसत सुटलात. नागपूरकडे अळूला धोपा म्हणतात हे तुम्हा अलिबागकरांना माहीतच नव्हतं. तेव्हापासून फोनवर मी 'वृंदा' नव्हतेच, 'कोण, धोपा का?' असंच असायचं.

मग तुम्ही मला मागच्या अंगणात नेलंत. कुंपणाजवळ काळ्या देठांचं अळू, त्याच्या पुढे निशिगंध, कडेला डेलिया. यातलं एकही पेन्सिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात जमिनीत जगत नाही, दर वर्षी सगळं उकरून घरात घ्यावं लागतं, असं तुम्ही सांगितलंत. मला ते जरा वेडेपणाचंच वाटलं. एवढा खटाटोप कशाला? पण ते अळू न्यू जर्सीच्या एका मावशींनी तुम्हाला तुमच्या लग्नानंतर दिलेलं, काका असताना दोघांनी मिळून वाढवलेलं. काका गेल्यावर तुम्ही एकटीने उकरत होता. त्या वर्षीपासून मी मदतीला येऊ लागले.

कंद धुवायचे नाहीत, नुसती माती झटकायची. पानं कापायची, देठाचं बोटभर टोक ठेवायचं. दोन आठवडे वाऱ्यावर वाळवायचे, मग सशांच्या पिंजऱ्यात घालतात तो लाकडाचा भुसा खोक्यात भरून त्यात एकमेकांना न टेकता झोपवायचे. 'झोपवायचे' हा तुमचाच शब्द. आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहायचं. मी तुम्हाला विचारलं होतं, घरात तुमच्याशिवाय कोणी नाही, मग लिहायचं कोणासाठी? तुम्ही म्हणालात, "अगं, माझ्यासाठीच. आपलंच काम आपल्याला आठवत नाही कधीकधी."

तिसऱ्या वर्षी मीनलला दुसरं बाळ व्हायचं होतं. जानेवारीत तुम्ही तिच्याकडे सनीव्हेलला गेलात आणि घराची किल्ली मला दिलीत. दर शनिवारी बसने जायचं, हीटर बघायचा, बेसमेंटमध्ये उतरून खोके उघडायचे, कंद बटाट्यासारखे दाबून बघायचे, मऊ पडलेला दिसला तर काढून टाकायचा. एवढंच काम. तुम्ही फ्रीजमध्ये माझ्यासाठी गोडा मसाला आणि बेसनाचे लाडूसुद्धा ठेवून गेला होतात.

फेब्रुवारीत आठवडाभर बर्फ पडला. बस कमी झाल्या. गावातल्या एकुलत्या एका इंडियन दुकानात भाजीचा रॅक रिकामा. आणि त्याच रविवारी निखिल पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला येणार होता. त्याने आधी कधीतरी म्हटलं होतं की त्याची आजी अळकुड्यांची रस्सा भाजी करायची, इथे आल्यापासून खाल्लेली नाही. आता सांगा, मी दुसरं काय लक्षात ठेवणार होते?

शनिवारी मी तुमच्या बेसमेंटमध्ये उतरले. अळूचा खोका उघडला. कंद इतके चांगले होते, काकू! टणक, कोरडे, एकाला सुरकुती नाही. आधी मी चारच घेतले. मग वाटलं, सोलल्यावर चारांचं काय होणार? आणखी चार घेतले. मग खालचे छोटे उरले, ते कशाला ठेवायचे म्हणून सगळा खोकाच पिशवीत घातला. वरून स्वतःला सांगितलं की काकूंना फोन करून सांगू, त्या हसतील.

ते अळू वडीचं होतं, अळकुड्या खायचं नव्हतं. एवढी अक्कल मला कुठली! कोकम दोनदा घातलं तरी जेवणानंतर सगळ्यांचे घसे खवखवायला लागले. माझी रूममेट प्राजक्ता पाणी पीत म्हणाली, "यार, तू आम्हाला मारणार आहेस का?" निखिल मात्र दोनदा वाढून घेऊन शिंकत, खाकरत म्हणाला की अगदी आजीसारखी झालीय. कुठून आणल्यास, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, काकूंनी दिल्या. इतकं सहज तोंडातून गेलं ते.

दुसऱ्या रविवारी तुमचा फोन आला. घसा अजून पूर्ण बरा नव्हता. बाळाची खुशाली सांगून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "कसे आहेत गं माझे कंद?"

मला सांगता आलं असतं. तुम्ही रागावला असतात, दोन दिवस बोलला नसतात, मग हसला असतात. मी म्हणाले, "काकू, अळूचे कुजले. वास यायला लागला म्हणून टाकले."

मग विचारलंत, "सगळे?"

"सगळे."

आणि काकू, मग तुम्ही माझीच माफी मागितलीत. उगाच त्रास झाला बाई तुला, ती घाण उपसायला लागली असेल, असं म्हणालात. ते मी ऐकून घेतलं. वर म्हणाले, असू द्या हो काकू.

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण निशिगंध आणि डेलिया शाबूत असताना अळूच कसं कुजलं, हे तुम्हाला कळेना. म्हणून मी त्या कोपऱ्यात ओल होती असं जोडून दिलं. मार्चमध्ये परत आल्या आल्या तुम्ही प्लंबरला बोलावलंत. त्याने भिंती ठोकून बघितल्या, पाइप बघितले. कुठेच ओल नव्हती. तो गेल्यावर तुम्ही त्या कोपऱ्यात उभ्या राहून म्हणालात, "म्हणजे माझंच चुकलं." मी तुमच्या शेजारी उभी होते.

मे महिन्यात मीनल आली. तो रविवार मला पानावरच्या कोशिंबिरीसकट आठवतो. त्या वर्षी तुम्ही एकदा दुधाचं पातेलं गॅसवर विसरला होतात, एकदा दुकानाबाहेर गाडी कुठे लावली ते आठवेना. मीनल काळजीत होती, हे मला दिसत होतं. अळूचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "आई, यू फरगॉट टु ड्राय देम. तू विसरायला लागली आहेस."

तुम्ही एकदम ताठ बसलात. म्हणालात, "नाही. दोन आठवडे वाळवले होते. मी खोक्यावर लिहूनही ठेवलं होतं."

"मग कुठे आहे तो खोका?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, खोकाही ओला झाला होता, टाकून दिला. आणि कोशिंबीर पुढे केली.

त्यानंतर तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्हाला वाद न घालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या सप्टेंबरमध्ये घर विकलं. मी सामान बांधायला आले होते, तुम्ही मला तुमचा माती उकरायचा काटा दिलात, लाकडी दांड्याचा. म्हणालात, "तू ठेव. माझ्या हातून आता होत नाही." आणि मी तो घेतला!

घर अळूमुळे विकलं नाही, हे मलाही कळतं. पातेलं होतं, गाडी होती, एकटेपण होतं. आज ना उद्या मीनलने तुम्हाला नेलंच असतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण पातेलं विसरलं तरी तुम्ही हसत होता, गाडी सापडल्यावरही हसला होतात. खोक्यानंतर मात्र तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवायचं सोडलंत. ते मी समोर बसून बघितलं आहे.

तुम्ही असताना सनीव्हेलला मी एकदाच आले, कॉन्फरन्सच्या निमित्ताने. बाल्कनीत एक तुळस होती, बस्स. मी आपली शहाणपणाने म्हणाले, काकू, इथे तर थंडी नाही, अळू लावा, काढायचीसुद्धा गरज पडणार नाही. तुम्ही मान हलवलीत. "नको गं. माझ्या हाताखाली मरतात." मी चहा प्यायले, तुमच्या पाया पडले आणि कॅलट्रेन चुकेल म्हणून निघाले. पुढची गाडी अर्ध्या तासाने होती, काकू.

आजचे कंद कुठले, ते सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर मी डोनाला पत्र लिहिलं होतं, तुमच्या शेजारच्या डोनाला. उत्तर म्हणून तिने एक पार्सल पाठवलं. आत भुसा, भुशात एकमेकांना न टेकता झोपवलेले तीन कंद. तुम्ही तिला कधीकाळी दिलेले, ती बिचारी त्यांना 'एलिफंट इअर' म्हणून पत्रपेटीजवळ लावते. सोबत चिठ्ठी होती. तुम्ही दाखवलंत तसेच ती दर हिवाळ्यात ठेवते, आणि इतक्या वर्षांत तिचा एकही गेलेला नाही. ती चिठ्ठी मी एकदाच वाचली आणि खणात ठेवली. कंद मात्र लावले. पानं ताटाएवढी झाली, पण मला वडी करवली नाही.

आज दुपारी निखिलला सगळं सांगितलं. आधी तो हसला. कोणाच्या तरी बियाण्याची भाजी करून त्याला पटवलं म्हणून हसला. मग मी मीनलचा आणि खोक्याचा भाग सांगितला, तेव्हा त्याचं हसू थांबलं. वाळत घातलेल्या कंदांकडे बघत त्याने विचारलं, "मीनलला माहितीये?" मी नाही म्हणाले. तो आत निघून गेला. संध्याकाळपासून माझ्याशी तो जपूनच बोलतो आहे.

तुमच्या दिवसांना मी मीनलला भेटायला गेले होते ना, तेव्हा ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, अळू कुजलं त्या वर्षीच मला कळलं की आई म्हातारी झाली. मी तिचा हात धरून ठेवला. हातच धरला फक्त.

काकू, तुम्ही आता माफ करू शकत नाही, आणि मी मागतही नाही. एक मात्र करते. कंद दोन आठवडे वाळतील, मग भुशात झोपवीन, खोक्यावर तारीख लिहीन. मे महिन्यात निम्मे मीनलच्या बाल्कनीत जातील, ती घेईल तर. पण त्याच्या आधी, येत्या रविवारी, तुमच्या फोनच्या वेळेला मी तिला फोन करीन. ती रागावेल, कदाचित पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. तरी फोन ठेवायच्या आत तिला एवढं सांगेन, की तुझी आई काही विसरली नव्हती. कंद दोन आठवडे पूर्ण वाळवले होते, आणि तसं खोक्यावर लिहिलेलंही होतं. मी ते वाचलं होतं.

तुमची,
धोपा