सुपारीच्या मण्यांना झिलई

प्रिय वन्सं,

काल मैथिली सासरी गेली. पाहुणे पांगले, मांडवाचे बांबू तेवढे अंगणात पडलेत आणि हे जेवून आडवे झालेत. मी तुमच्या खोलीत, तुमच्या टेबलापाशी येऊन बसले आहे. लग्न कसं झालं ते सगळे एकमेकांना फोनवर सांगताहेत. पण तुमच्या मण्यांचं काय झालं, हे ऐकण्यात रस असणारं माणूस तुम्हीच. म्हणून तुम्हालाच लिहिते.

श्रावणात तुम्ही गेलात तेव्हा मणी भाजून, घासून तयार होते. ताटात, मलमलच्या फडक्याखाली. गुळगुळीत, पण राख फासल्यासारखे कोरडे. मैथिलीच्या माळेपुरतेच होते, एकही जास्तीचा नाही. त्या ताटाला हात लावायचा धीर मला दिवाळी होईपर्यंत झाला नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं? गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पतपेढीतून निवृत्त झाल्यावरही घरात न टेकणाऱ्या तुम्ही खाटेवर अडकलात. मैथिलीनं पुण्याहून पॉलिमर क्लेच्या रंगीत वड्या आणल्या, आत्याचा वेळ जावा म्हणून. दुसरी कुणी असती तर फुलं-पानं केली असती. तुम्ही काय केलंत? वाडीतली सुपारी अडकित्त्यानं कापून समोर ठेवलीत आणि तिच्या पोटातल्या पांढऱ्या-तपकिरी रेषा त्या मातीत उतरवायला बसलात. दोन रंगांच्या पोळ्या एकात एक गुंडाळायच्या, चुरगळायच्या, कापायच्या. जमेपर्यंत कितीदा मोडलंत! माझा केकचा ओव्हन तुमच्या मण्यांकडे गेला तो गेलाच.

भांडण व्हायचं ते झिलईवरून. मी म्हणायचे, "वन्सं, वरून रेझिनचा एक हात द्या. रेषा उठून दिसतील."

तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "सुपारी चकाकते का गो कधी? काचेच्या गोट्या नाही करायच्या मला."

"ओली असली की चकाकते."

त्यावर तुम्ही संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नव्हतात.

आणि मग दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, मी तुमचे पाय चेपत बसले होते तेव्हा डोळे मिटूनच म्हणालात, "त्या मण्यांचं तुला हवं तसं कर, सुलभा." वन्सं, असं बोलायचं असतं का? आमटीतल्या मिठाबद्दलसुद्धा तुम्ही मला कधी 'हवं तसं कर' म्हटलं नव्हतं. तुम्हाला पटलं होतं, की वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं? तेवढं विचारायचं राहून गेलं. त्या एका वाक्यानं मला महिनोन्महिने छळलं.

मैथिलीला विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे ना आई, आहेत तसेच घालते." तसेच घातले असते, तर पैठणीवर ते मातीचे खडे दिसले असते. मी म्हटलं, तुझ्या आत्याला चमक आवडायची नाही आणि मला कोरडे बघवत नाहीत, काय करू?  तशी ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि जुन्या डब्यांमागून एक स्टीलची वाटी काढून माझ्या हातात दिली.

वाटीत तुमचे मणी होते. काचेसारख्या घट्ट थरात रुतलेले, एकमेकांना चिकटलेले. उपडी केली, आपटली, तरी एक मणी हलेना.

"आत्यानंच रेझिन मागवलं होतं माझ्याकडून," मैथिली म्हणाली. "तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. तिनं शंकरपाळ्या पाकात सोडाव्यात तसे मणी सोडले आणि मुरायला ठेवले. सकाळी बघते तर हे असं. म्हणाली, तुझ्या आईला दाखवलंस तर याद राख."

मी आधी रागावले, खरं सांगते. विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं? तार ओवून, पातळ हातानं लावायचं असतं, हे मी एका वाक्यात सांगितलं असतं. मग हे आत आले, त्यांनी वाटी उजेडात धरली, म्हणाले, "ताई हरली वाटतं." आणि आम्ही तिघंही हसलो. तुम्ही गेल्यानंतर या घरात पहिल्यांदा हसलो. हसता हसता ह्यांचे डोळे भरले, तेव्हा मैथिलीनं वाटी हळूच काढून घेतली.

मग माझ्या मनातली अडचण सुटली. तुम्ही थकून हो म्हटलं नव्हतंत. तुम्हाला करून बघायचं होतं, फक्त माझ्यासमोर चुकायचं नव्हतं.

मी आधी तुमच्या टाकून दिलेल्या वाकड्या मण्यांवर हात बसवला. आपल्याकडची दमट हवा, पहिले चिकटच राहिले. रेझिन आणि कडक करायचं औषध मोजून घेतलं, सावकाश ढवळलं, तेव्हा कुठे जमलं. मग एका कोरड्या सकाळी, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या टाकून तुमचं ताट पुढ्यात घेतलं. प्रत्येक मणी तारेवर ओवला, भोक बुजू नये म्हणून. बारीक ब्रशनं पातळ थर, बुडबुडा आला तर टाचणीनं फोडायचा, ओघळ जमू नये म्हणून तार फिरवत राहायचं. ब्रश टेकला की कोरड्या रेषा खालून वर यायच्या. नुकतीच कापलेली ओली सुपारी जशी दिसते ना, अगदी तशी. एकदा मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "बघा, वन्सं." घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

एका मण्यात चिलट पडलं. काढलं, पण त्याचा एक पाय राहिलाय. तो मणी मी मागे, अंबाड्याखाली येईल असा ओवला. तुम्ही तो नक्की शोधून काढला असतात.

काल मुलाच्या आजीनं मैथिलीच्या गळ्याशी हात नेला. मणी बोटांत फिरवत मला विचारलं, "ही कुठल्या वाडीतली सुपारी हो? पॉलिश कुणाकडून करून घेतलीत?"

मी सांगायच्या आत मैथिली म्हणाली, "आत्याच्या हातची आहे." आजींना वाटलं, आत्याची वाडी असेल. आम्ही दोघींनी ते तसंच राहू दिलं. तुम्हाला हेच हवं होतं ना, जाणत्या माणसानं फसावं?

आता झिलई द्यायला तुमचा एकही मणी उरलेला नाही. कपाटात मातीच्या न फोडलेल्या वड्या तेवढ्या आहेत. मला मणी वळता येत नाहीत, ते काम कायम तुमचं. हे म्हणत होते, ही खोली रिकामीच आहे तर यंदा सुपारीची पोती इथे टाकू. मी नाही म्हटलं.

वन्सं, शब्द देते, पोती पडवीतच राहतील. रोज सकाळची कामं उरकली की मी या टेबलापाशी बसेन आणि मणी वळायला शिकेन. मोडतील, वाकडे होतील, होऊ देत. आणि चुकलेले लपवणार नाही. खिडकीत, सगळ्यांना दिसतील असे ठेवीन.

तुमची भावजय,
सुलभा