सालमियातला परत आलेला राजा

३ मे
सबाह अल-सालेम भागातली बॅचलर रूम सोडली. रूममेट सुदेश म्हणाला, खाट महिनाभर राखून ठेवू का? म्हटलं, देऊन टाक. स्वप्नाने स्वतः बोलावलंय. ती जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स. या महिन्यात तिला नाइट ड्यूटी आणि आमच्या मुलीची, अबोलीची परीक्षा, म्हणून रात्री घरात कुणीतरी हवं, म्हणाली. ‘कुणीतरी’ हे संकोचाने. दीड वर्षाने बायकोने घरी बोलावलं, याचा अर्थ न कळायला मी काही मूर्ख नाही.

४ मे
सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बरेच अनधिकृत बदल. माझी खुर्ची बाल्कनीत, तिच्यावर कुंड्या. खुर्ची हॉलमध्ये आणली, कुंड्या उन्हात ठेवल्या. झोपायला सोफा. तात्पुरतं.

७ मे
अबोलीचा इतिहास घेतला. फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजाला मारलं, नेपोलियन आला नि गेला. मग राजाचा भाऊ, अठरावा लुई, गादीवर. परदेशात वर्षानुवर्षं काढून आला आणि तीही वर्षं धरून कागदावर तारीख घातली: आमच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष. माणूस आवडला. लग्नाची वर्षं मीही अशीच मोजतो. अबोली म्हणाली, बाबा, दॅट्स सो सॅड. तिला राजकारण कळत नाही.

१२ मे
लुई वारला. पुढचा भाऊ, दहावा चार्ल्स. लुई निदान तडजोड करायचा, याला सगळं जुनंच हवं होतं, इति अबोली. म्हटलं, त्यात चूक काय? जेवताना मीही नियम सांगितले. नऊला जेवण, ताटावर फोन नाही, पोळी गरम. अबोली ओके म्हणाली. पोळ्या सकाळच्याच होत्या.

१५ मे
बेडरूमच्या खिडकीला किचनमधली फॉइल चिकटवलेली. घर आहे की गोडाऊन? पूर्वी इथे छान ऊन यायचं. सगळी ओढून काढली. स्वप्ना ड्यूटीवरून आली की खूश होईल.

१६ मे
खूश नाही. रात्रभर उभं राहून आल्यावर दिवसा अंधार लागतो, म्हणाली. म्हटलं, आधी सांगायचंस. सांगितलं होतं, म्हणाली, तू इथे राहत होतास तेव्हाच, कितीदा तरी. मग उशी घेऊन बाथरूममध्ये गेली आणि दिवा बंद करून टबात झोपली. फार वाईट वाटलं. उठली की सॉरी म्हणेन.

१८ मे
राहिलं. तिचा राग आधी निवू दे.

२० मे
इतिहासाचा पेपर झाला, शेवटचाच. चार्ल्स का पडला, हाच प्रश्न आला. काय लिहिलंस विचारलं. म्हणाली, लोकांनी त्याला परत घेतलं होतं, बाबा. पण मधलं काही झालंच नाही असं तो वागला. पॅरिसने तीन दिवसांत काढला, मग इंग्लंडला गेला. पुन्हा बोलावलं का त्याला, मी विचारलं. नो, म्हणाली, आणि बराच वेळ माझा हात धरून बसली.

२१ मे
स्वप्नाने चहा केला. थँक यू, विश्वास, म्हणाली, तू होतास म्हणून अबोलीची परीक्षा नीट झाली. म्हटलं, मग आता? आता तू जा, म्हणाली. भांडली असती तर बोलता आलं असतं.

२२ मे
जमैयाच्या दुकानातून फॉइलचा रोल आणला. ती ड्यूटीवर असताना खिडकी पुन्हा बंद केली, फटींना टेप लावली. त्या अंधारात थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसलो. खुर्ची बाल्कनीत नेली. कुंड्यांतली झाडं उन्हाने जळून गेलीत. त्या तशाच खुर्चीवर ठेवल्या.

सुदेशला फोन केला. खाट गेली, म्हणाला, खाली गादी टाकून देतो. म्हटलं, चालेल. तात्पुरतंच आहे.